पोटखराब्यातला वल्हेकरी

गणपतीत आमच्या गावच्या घरात किती माणसे झोपतात याचा हिशेब कोणी ठेवत नाही. बँकेत आयुष्य काढलेल्या मलाही तो कधी जुळवता आलेला नाही. २०२४ च्या गणपतीतली गोष्ट. आरती आटोपली होती, पाने मांडायची होती आणि नेहमीप्रमाणे नेमके तेव्हाच दिवे गेले. पाऊण तासाने आले. ओटीवरचा मोठा दिवा लागला आणि पाचएक मिनिटांत खळ्यातून 'टप्, टप्' असा आवाज यायला लागला. कोणीतरी मूठमूठ हरभरे पत्र्यावर फेकावेत तसा. खळ्यात पुतण्याची मुंबईहून आलेली, नुकतीच धुतलेली काळी मोटार उभी होती. पाहतो तो तिच्या टपावर आणि बॉनेटवर शेंगदाण्याएवढे किडे येऊन आदळत होते.

मुलांची जत्रा जमली. थोरल्या वहिनींनी दुरूनच 'झुरळे आहेत, आत या' असा निकाल दिला. भावाच्या मते ते शेणकिडे. एका मेहुण्यांनी 'पाणढेकूण' असा शब्द टाकून बघितला. पुतण्याला नावाशी कर्तव्य नव्हते. "काका, गाडीला ओरखडे पडतील हो," एवढीच त्याची काळजी. माझ्या नऊ वर्षांच्या नातीने मात्र त्यातला एक चिमटीत धरला आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकला. पाणी तिने आधीच भरून ठेवले होते. किडे पाण्यातलेच असणार हे तिला कसे कळले, देव जाणे.

मोटारीवर उपड्या भांड्यासारखा गडबडलेला तो प्राणी पाण्यात पडल्याबरोबर वेगळाच झाला. सरळ बुडी मारून तळाशी गेला. मागचे दोन पाय एकदम मागे, एकदम पुढे. डोलकाठी नसलेल्या होडीत बसून एखादा तरबेज माणूस वल्ही मारतो तसे. थोड्या वेळाने वर आला, पण डोके वर काढलेच नाही. खाली डोके, वर पाय करून त्याने पार्श्वभागाचे टोक तेवढे पाण्याबाहेर काढले, क्षणभर तसाच लटकला आणि चांदीच्या मण्यासारखा हवेचा बुडबुडा शेपटीशी घेऊन पुन्हा खाली गेला.

"आजोबा, हा बुडाने श्वास घेतोय!" नात ओरडली. मग तिने तो प्रश्न विचारला. "ह्याचं नाव काय?"

"पाणकिडा," मी म्हणालो.

"ते नाव नाही. ते आडनाव आहे."

मी जे तोंड उघडले ते मिटले. आणि तेवढ्यात बरणीतला किडा पाण्याच्या पृष्ठभागावर आला, तिथूनच त्याने पंख उघडले आणि भर्रकन उडून गेला. बरणीला झाकण ठेवायचे कोणाच्या डोक्यात आले नव्हते.

दुसरा पकडायला वेळ लागला नाही, मोटारीवर अजून सात-आठ होते. या खेपेला झाकण लावले, त्याला भोके पाडली. रात्री सगळे निजल्यावर मी ओटीवर बरणी घेऊन बसलो. सह्या तपासायला वापरायचो ते भिंग अजून माझ्या पेटीत आहे, ते काढले.

आमच्या धंद्यात सही ओळखणे ही एक विद्या होती. काऊंटरवर चेक आला की नमुना सहीचे कार्ड काढायचे आणि दोन्ही शेजारी धरायचे. नवशिका कारकून अक्षरे वाचत बसतो. मुरलेला माणूस अक्षरे वाचतच नाही. हात कुठे उचलला, कुठे दाबला, शेवटचा फराटा कुठे सोडला ते पाहतो. रंगावर, आकारावर जाणारा फसतो, कारण तेवढी नक्कल कोणालाही जमते. किड्यांचेही असेच आहे, हे मला त्या रात्री आणि नंतरच्या महिन्याभरात कळत गेले. प्राणिशास्त्रातही या गोष्टीला नमुनाच म्हणतात, हा आणखी एक योग.

पहिली खूण पायांची. आपल्या विहिरी-तळ्यांत पाणभुंगेऱ्यांची दोन मोठी घराणी असतात आणि वरवर पाहता दोन्ही काळपट, गुळगुळीत, लंबगोल. एक घराणे शिकाऱ्यांचे, डायटिस्किडी. दुसरे मुख्यतः कुजके-नासके खाऊन पाणी निवळणाऱ्यांचे, हायड्रोफिलिडी. शिकारी मागचे दोन्ही पाय एका वेळी मारतो, म्हणून त्याची चाल सरळ आणि वेगवान. दुसरा पाय आळीपाळीने हलवतो, जणू पाण्यातून चालत निघाला आहे. शिकाऱ्याच्या मिशा लांब, दोऱ्यासारख्या. दुसऱ्याच्या मिशा आखूड, टोकाला गाठ असलेल्या आणि बहुधा डोक्याखाली दडवलेल्या. समोर ज्या लांब दिसतात त्या मिशा नव्हेतच, तोंडाजवळचे चाचपे. यात भलेभले फसतात. आणि तिसरी खूण श्वासाची. शिकारी हवा घ्यायला शेपटीकडून वर येतो, दुसरा डोक्याकडून. मागच्या जोडीच्या पंखांवर जे टणक कवच असते त्याच्याखाली शिकारी हवेचा साठा घेतो. त्याची श्वासाची छिद्रे पाठीवर, त्या कवचाखालीच असतात. पाणबुड्या माणसाने पाठीवर नळकांडे बांधण्याच्या कितीतरी आधीची ही सोय. शेपटीशी दिसणारा बुडबुडा पाण्यातला प्राणवायू थोडा थोडा ओढूनही घेतो, त्यामुळे साठा त्याच्या मापापेक्षा जास्त वेळ पुरतो.

माझ्या नातीने पहिल्याच मिनिटात घराणे ओळखले होते म्हणायचे. फक्त ते तिने जरा उघड्या भाषेत सांगितले.

या घराण्यात जगभर साडेचार हजारांहून अधिक जाती आहेत. लहानपणी आमच्या विहिरीत एक मोठा यायचा, इंचभर लांब, काळपट हिरवा आणि कडेने पिवळी किनार. लुगड्याला असावी तशी. तो सिबिस्टर. त्याला पकडले की अंगातून पांढरट, घाण वासाचा रस सोडतो. या घराण्यातले बरेच जण असा रस राखून असतात. माशाने गिळलाच तर त्याला तो थुंकावा लागतो. पण आमचा बरणीतला गृहस्थ त्याच्या निम्म्याने लहान होता आणि काळा तर मुळीच नव्हता. भिंगाखाली तो पिवळट करडा दिसला, पाठभर बारीक काळे ठिपके, जणू मिरपूड भुरभुरवली आहे. कडेला मध्यावर एक काळा डाग आणि मागच्या बाजूला एक नागमोडी काळसर पट्टी. पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेला बारीक काट्यांची झालर. ती दिसायला मला चष्मा, भिंग आणि मोबाइलचा दिवा अशा तिन्ही गोष्टी लागल्या.

आमच्या ओळखीचे प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, पण ते मला साहेब म्हणतात आणि मी त्यांना सर म्हणतो, त्यामुळे बरोबरी होते. ते पाचव्या दिवशी दर्शनाला आले. गणपतीला नमस्कार झाला, प्रसाद हातावर पडला आणि मी बरणी पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली मात्र, म्हणाले, "एरेटीस. घराणे पक्के, कुळ पक्के. पुढचे नाव इतक्यात लिहू नका."

"का?"

"नर लागेल. आणि तो आतून पाहावा लागेल."

म्हणजे कापावा लागेल. नातीने बरणी त्यांच्या हातातून काढून घेतली.

नर ओळखणे मात्र सोपे, असे ते म्हणाले. नराच्या पुढच्या पायांचा पंजा थाळीसारखा पसरट असतो आणि त्याला खालून चिकट वाट्या असतात. मादीच्या गुळगुळीत पाठीला धरून राहायला त्या लागतात. काही जातींत माद्यांच्या पाठीवर खोबणी आणि खडबडीतपणा असतो, म्हणजे त्या वाट्या नीट चिकटू नयेत. नराने वाट्या वाढवायच्या, मादीने पाठ खरबरीत करायची, अशी ही लाखो वर्षे चाललेली ओढाताण आहे असे शास्त्रज्ञ मानतात. वहिनी इथे उठून आत गेल्या.

नशिबाने कोणाला मारायची पाळी आली नाही. मोटारीच्या वायपरखाली अडकून वाळलेले दोन सापडले, त्यांतल्या एकाचे पंजे पसरट होते. प्राध्यापक तो काडेपेटीत घालून घेऊन गेले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. एरेटीस ग्रीसियस.

एरेटीस हा ग्रीक शब्द, अर्थ वल्हेकरी. १८३३ मध्ये लापोर्त नावाच्या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने या कुळाला ते नाव दिले. त्यानेही पाण्यातली ती एकदम मारलेली वल्हीच पाहिली असावीत. ग्रीसियस म्हणजे करडा. पण या साध्या नावामागे एक जुने खातेवहीचे प्रकरण आहे, आणि ते मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७६७ मध्ये लिनियसने एका ठिपकेदार पाणभुंगेऱ्याला स्टिक्टिकस, म्हणजे ठिपक्यांचा, असे नाव दिले. १७८१ मध्ये त्याचाच शिष्य फॅब्रिशियस याने तसल्याच एकाला ग्रीसियस म्हटले. पुढच्या मंडळींनी पाहिले की दोन्ही किडे सारखेच दिसतात. मग एकाच माणसाची दोन खाती समजून त्यांनी दुसरे पहिल्यात जमा करून टाकले. त्यामुळे जुन्या पुस्तकांत आफ्रिका, आशिया, अमेरिका सगळीकडचा हा किडा एकच, स्टिक्टिकस. २००२ मध्ये केली मिलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने सगळे जुने नमुने पुन्हा काढून तपासले. मुख्यतः नरांच्या अंतर्गत अवयवांवरून त्याला दिसले की हे एक खाते नसून चार आहेत. फॅब्रिशियसचे बंद केलेले खाते सव्वादोनशे वर्षांनी पुन्हा उघडले गेले, आणि भारतापासून जपानपर्यंतचे बरेचसे किडे त्यात वर्ग झाले. बाहेरून सही तीच, हात वेगळा. असला एक चेक माझ्याही टेबलावरून एकदा पास झालेला आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

नातीला फोनवर नाव सांगितले. तिने ते दोनदा म्हणून पाहिले. मग विचारले, "आणि तो राहतो कुठे?"

आमच्या वेळी नुसत्या नावावर खाते उघडत नसे. पत्ता लागे, आणि त्या पत्त्यावरच्या माणसाला ओळखणारा एक जुना खातेदार सही द्यायला लागे. मोटारीवर आदळणे हा काही पत्ता नव्हे. ती तर फसवणूक होती. पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणारा उजेड एका विशिष्ट तऱ्हेने, आडव्या पातळीत कंप पावतो. आपल्याला ते कळत नाही, पाणकिड्यांना कळते आणि रात्री उडताना ते त्याच खुणेवर पाणी शोधतात. चकचकीत काळ्या पत्र्यावरूनही उजेड तसाच परततो. काळ्या आणि लाल मोटारींवर पाणकिडे का येतात, याचा उलगडा हंगेरीतल्या संशोधकांनी २००६ मध्ये केला. पुतण्याची मोटार त्यांना आमच्या विहिरीपेक्षा जास्त ओली वाटली होती.

पण ते उडाले होते कुठून? प्राध्यापकांनी बोट वर केले. आमच्या घरामागे घाटीने वीस मिनिटे चढले की सडा लागतो.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यात डोंगर चढून गेले की माथ्यावर शिखर नसते, सपाटी असते. मैलोगणती जांभ्या दगडाचा उघडा कातळ. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो, त्यावर झाड म्हणाल तर एखादे खुरटलेले. वाटसरू तिथे थांबत नाही. फार पूर्वीच्या माणसांनी मात्र या कातळावर हत्ती, मासे, माणसे कोरून ठेवली आहेत आणि २०२२ मध्ये त्या कातळशिल्पांचे नाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. पावसाळ्यात याच तव्यावर शंभर-सव्वाशे इंच पाऊस कोसळतो. दगडातल्या प्रत्येक खळग्यात पाणी साचते. बोटभर मातीवर गवत उठते, गेंदाची पांढरी आणि सीतेच्या आसवांची निळी फुले येतात.

त्याच दिवशी आम्ही तिघे चढलो. पाऊस थांबला होता, ढग पायाशी होते. आमच्या अंगणापेक्षा लहान, गुडघाभरसुद्धा खोल नाही असे एक डबके होते. प्राध्यापकांनी चहाची मोठी गाळणी काठीला बांधून आणली होती. नातीने ती पाण्यातून फिरवली. पहिल्याच फेरीत तीन वल्हेकरी.

मग तिला जे सापडले ते पाहून ती थोडी मागे सरली. दोन बोटांच्या पेरांएवढी, पिवळट, सहा पायांची अळी आणि डोक्याला दोन वाकड्या सुया. हे वल्हेकऱ्याचे बालपण. इंग्रजीत हिला पाणवाघ म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. तिच्या सुया आतून पोकळ असतात. डासाची अळी किंवा लहानसा बेडूकमासा पकडला की त्या त्याच्या अंगात रुतवायच्या, पाचक रस आत सोडायचा आणि आतले सगळे विरघळले की शोषून घ्यायचे. मागे सालपट उरते. आम्ही पाहत असतानाच तिने डासाच्या एका अळीचा असा निकाल लावला. 'गुड,' असे नात इंग्रजीत म्हणाली. तिला डास फार चावतात.

या अळीला वेळ नसतो. डबके आटण्याआधी तिने वाढायचे, मग पाण्याबाहेर सरपटत येऊन काठच्या ओलसर मातीत घरटे करून कोष व्हायचे आणि पंख घेऊन बाहेर पडायचे, हे सगळे काही आठवड्यांत उरकावे लागते. त्याच पाण्यात नखाएवढ्या, काचेसारख्या पारदर्शक कोळंब्या पाठीवर पोहत होत्या. त्यांची अंडी उन्हाळाभर या कातळावरच्या धुळीत पडून असतात. मोठ्या वल्हेकऱ्याला ते करायची गरज नाही. पाणी संपले की तो उडून जातो. याच कुळातल्या एका जातीचे अमेरिकेतल्या वाळवंटी डबक्यातले वर्णन १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे: डबके आटत आले आणि सगळेच्या सगळे एकगठ्ठा उडून गेले. आमचा तर पाण्यावरूनच थेट उडू शकतो. त्याच्या बहुतेक भाऊबंदांना त्यासाठी आधी काठावर चढावे लागते. बरणीतला पहिला का निसटला ते मला तिथे कळले.

आणि तिथेच, गाळणी धुताना मी मान वर केली तर समोर शंभर पावलांवर आंब्याची बाग होती. नीट रांगेत लावलेली जुनी हापूस कलमे, भोवती चिऱ्याचा गडगा. मी ती बाग ओळखली. सही ओळखावी तशी ओळखली, कारण त्या बागेवर सही माझी होती.

१९९२ ते १९९५ मी सड्याच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या आमच्या बँकेच्या शाखेत होतो. १९९० पासून सरकारने रोजगार हमीशी जोडून फळबागांची योजना आणली होती आणि कोकणात जो तो कलमे लावायच्या मागे होता. खाली जमीन नाही, मग वर कातळ. कातळाला सुरुंग लावायचे, तीन-तीन फुटांचे खड्डे पाडायचे, ट्रकने माती आणून भरायची आणि त्यात कलम उभे करायचे. त्याला कर्ज आम्ही द्यायचो. कर्जाआधी जागेची पाहणी मी करायचो, आणि मी ती नेहमी मे महिन्यात करायचो, कारण पावसात सड्यावर जीप जात नसे. सात-बाराच्या उताऱ्यावर त्या जागेपुढे शब्द असायचा 'पोटखराबा'. मी माझ्या अहवालात वर एक वाक्य लिहायचो. ते मला अजून पाठ आहे: सदर क्षेत्र कातळ असून सद्यःस्थितीतील उत्पन्न निरंक.

निरंक. असे किती अहवाल लिहिले असतील? चाळीस तरी. एकही पावसाळ्यात पाहून लिहिलेला नाही.

वाचकांचा असा समज होऊ नये की मी आता छाती पिटून घेणार आहे. त्या चाळीसपैकी बहुतेक कर्जे वेळेवर फिटली. त्या बागेच्या मालकाचे तर मुदतीआधी. तोवर त्या घरातले पुरुष मुंबईला गिरणीत जायचे आणि गिरण्या तर १९८२ च्या संपापासूनच गेल्यात जमा होत्या. हापूसने त्या घरात दोन मुले शिकवली, एक इंजिनियर झाला. त्या गृहस्थाला मी कुठल्या तोंडाने सांगणार की तुमच्या कलमाखाली एका किड्याचे अंगण होते?

आणि तो गृहस्थच समोरून आला. आता पंच्याहत्तरीचा, पण पायात तोच जोर. मला त्याने लगेच ओळखले. "साहेब, तुम्ही? आणि गाळणी घेऊन?"

आम्ही गडग्यावर बसलो. त्याने नातीला विचारले काय धरलेस, आणि बरणी पाहून हसला. लहानपणी तो हे किडे दोऱ्याला बांधून उडवायचा. मग त्याने मूळ गोष्ट काढली. बागेच्या बाहेर त्याचा आठ एकर कातळ तसाच आहे, आम्ही बसलो होतो तो. सुरुंगाचा खर्च आता परवडत नाही, फवारण्यांनी हापूस परवडेनासा झाला आहे. चिरेखाणवाला दारात उभा आहे. यंत्राने चिरे कापून नेणार, रोख देणार. "साहेब, काय करू?"

तीस वर्षांपूर्वी याच माणसाला मी एका बैठकीत उत्तर दिले होते. या खेपेला मी प्राध्यापकांकडे पाहिले. मला वाटले होते, आता आमचा वल्हेकरी साक्षीला उभा राहील. म्हणजे मला काही बोलावे लागणार नाही. पण साक्षीदार फुटला. प्राध्यापक प्रामाणिक माणूस. म्हणाले, "खरे सांगायचे तर हा किडा खाणीत भरलेल्या पाण्यातही येईल. नव्या पाण्यात पहिल्यांदा येणाऱ्यांपैकी तो आहे. जपानात तो शहरातल्या पोहण्याच्या तलावातसुद्धा सापडतो. हा काही दुर्मिळ नाही."

"मग झाले तर," बागायतदार म्हणाला.

"येईल म्हणालो. संसार करील असे नाही म्हणालो," प्राध्यापक म्हणाले. चिरेखाणीच्या भिंती सुरीने कापल्यासारख्या उभ्या असतात. अळीला कोष करायला पाण्याबाहेर चढायचे असते आणि ओली माती हवी असते. उभ्या चिऱ्यावर ती चढणार कुठे आणि पुरून घेणार कशात? जपानात मोठ्या सिबिस्टरचे हेच झाले. भातखाचरांत एके काळी तो सर्रास असे. मग औषधे आली, पाटांना सिमेंटचे काठ आले, आणि आज तो तिथल्या धोक्यात असलेल्या जातींच्या सरकारी यादीत आहे. आमचा वल्हेकरी निदान उडून दुसरीकडे जाईल. त्या काचेसारख्या कोळंब्यांना पंख नाहीत. त्यांची अंडी ज्या धुळीत आहेत ती धूळच ट्रकमधून जाईल. सड्यावर दिपकाडी नावाचे कांद्यासारखे पांढरे फूल येते, ते रत्नागिरीच्या आसपासचा हा टापू सोडला तर जगात कुठे नाही. त्यालाही उडता येत नाही.

बागायतदाराने सगळे शांतपणे ऐकले. मग माझ्याकडे वळला. "साहेब, तेव्हा तुम्ही कागद बघून लगेच सांगितलेत. आता का गप्प?"

मी म्हणालो, "तेव्हा मी मे महिन्यात आलो होतो."

ते त्याला पटले की नाही, मला कळले नाही. त्याने खिशातून तंबाखूची डबी काढली. खाणवाल्याला दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले आहे, एवढेच म्हणाला. दिवाळी होऊन गेली. डिसेंबरात मी विचारले तेव्हा त्याचा इंजिनियर मुलगा बापाशी बोलत नव्हता आणि कागदावर सही झालेली नव्हती. त्यानंतर मी विचारलेले नाही. कर्ज देणाऱ्याला घरात डोकावायचा हक्क असतो. निवृत्त माणसाला तो राहत नाही.

गणपती गेले, नात ठाण्याला गेली. बरणीतला वल्हेकरी तिने जाण्याआधी स्वतः सड्यावर नेऊन सोडला, त्याला टाटाही केला. मी मात्र अधूनमधून वर जात राहिलो. माझ्या वयाच्या माणसाला डॉक्टर चालायला सांगतातच. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस गेला आणि डबके दिवसाला वीतवीत आत सरकायला लागले. एके संध्याकाळी ते परातीएवढे उरले होते. चहासारख्या पाण्यात मी वाकून मोजले, तर अकरा वल्हेकरी एकमेकांवर धडकत फिरत होते. पुढचे दोन दिवस गुडघ्याने घरी बसवले. तिसऱ्या दिवशी गेलो तो पाणी नव्हते. चिखलाला भेगा पडलेल्या, काठाला एक वाळलेला बेडूकमासा. मी गवत बाजूला करून पाहिले. एकही वल्हेकरी मेलेला नव्हता.

रात्री फोन केला. "म्हणजे गेले?" नातीने विचारले.

"गेले."

"कुठे?"

मी म्हणालो, आपल्या विहिरीत असतील, नदीच्या कोंडीत असतील, नाहीतर कोणाच्या तरी काळ्या गाडीवर.

"आमच्या सोसायटीत काळ्या गाड्या पाच आहेत," ती म्हणाली. "मी बघते खाली जाऊन."